शिंप्याची शेवंती

वहिनी गेली आणि कुंपणालगतची शेवंती दादाच्या वाट्याला आली. थंडीला न जुमानणारी ती जात. दादा शिंपी, जन्मभर कापडाशिवाय कशाला हात लावलेला नाही. वहिनी कोवळे शेंडे नखाने खुडायची, म्हणजे रोप डेरेदार होतं, एवढं त्याने पाहिलं होतं. ती खुडणं कधी थांबवायची, ते पाहिलं नव्हतं.

थंडीच्या तोंडावर लेक येणार होती. तिला आईची फुलं दिसावीत, एवढाच त्याला ध्यास. दर रविवारी तो दुकानातली कात्री आणून रोपं छाटायचा. एखादा शेंडा वर आलेला त्याला खपत नसे. वाफा धावदोऱ्यासारखा सरळ झाला.

लेक आली तेव्हा वाफ्यात नुसता हिरवा पाला होता.

"बाबा, कधीपर्यंत कापत होतात?"

"परवापर्यंत."

"अहो, उन्हाळा सरला की आई हातसुद्धा लावायची नाही. तुम्ही कळ्याच कापल्यात!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

"मला काय ठाऊक, तुम्ही शेवंतीला सदरा बेतताय ते!"

मी कुंपणाला वळसा घालून पलीकडे गेलो. एक फांदी फटीतून बाहेर निसटली होती आणि तिच्यावर तीन पिवळी फुलं होती. मी दोघांना हाक मारली.

लेक फुलांपाशी बराच वेळ बसली. दादाही वाकला. फांदी जरा वाकडी होती. त्याचा हात खिशाकडे गेला.

"बाबा, कात्री इकडे द्या," लेक म्हणाली.

त्याने निमूटपणे दिली.