पुढच्या सीटवरचं काम

माझे सासरे बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले तेव्हा त्यांना भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आठव्या दिवशी त्यांनी ते खोललं. नवव्या दिवशी मिक्सर खोलला. दहाव्या दिवशी सासूबाईंनी माझ्या बायकोला फोन केला. "तुझ्या बाबांना खोलायला काहीतरी मोठं आणून दे, बाई. नाहीतर उद्या मलाच खोलतील."

ते मोठं काहीतरी मी आणून दिलं. त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. रद्दीच्या दुकानात कागद चाळताना मला एक जुनं मासिक सापडलं. त्यात शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका गाडीचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, सायकलकार. चाकं सायकलसारखी बारीक, इंजिन मोटरसायकलचं, अंग होडीसारखं अरुंद आणि लाकडी. दोन माणसं एकामागे एक बसलेली. पुढे एक बाई, मागे एक पुरुष, आणि स्टिअरिंग मागच्याच्या हातात.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो नाकाला लागेल इतका जवळ धरला. मग म्हणाले, "हे होईल."

सासूबाईंनीही डोकावून पाहिलं. "म्हणजे पुढे मी बसायचं आणि मागून तुम्ही चालवणार? आपटली तर आधी मी!"

"अगं, आपटेल कशाला?"

"अडतीस वर्षं संसार केलाय तुमच्याबरोबर. कशाला आपटेल ते मला सांगू नका."

झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमधली अडगळ बाहेर आली आणि गाडीचं काम आत गेलं. ते दीड वर्ष चाललं.

भंगारवाल्याकडे बाबांना एकाच जातीच्या मोटरसायकलींची दोन मेलेली इंजिनं मिळाली. एकाचं खोकं तडकलेलं, दुसऱ्याचा पिस्टन सिलिंडरमध्ये असा अडकलेला की हातोडीलाही दाद देईना. बाबांनी त्याच्यात दहा दिवस रॉकेल आणि तेल मुरत ठेवलं. रोज सकाळी दात घासायच्या आधी शेडमध्ये जाऊन ते इंजिन हलवून बघायचे. अकराव्या दिवशी ते केसभर हललं. त्या दिवशी त्यांनी मला शाळेत फोन केला. मुख्याध्यापकांना वाटलं, घरात पाळणा हलला.

दोन मेलेल्यांतून एक जिवंत झालं. सांगाडा जुन्या लाकडी शिडीचा आणि पलंगाच्या पाट्यांचा, चाकं मोपेडची, स्टिअरिंगचं चाक मोडीत काढलेल्या ट्रॅक्टरचं. ते फिरवलं की तारेचा दोर एका रिळावर गुंडाळला जायचा आणि पुढची चाकं वळायची. मी कागदावर आकृत्या काढून द्यायचो. बाबा त्या बघायचे, "छान" म्हणायचे आणि स्वतःच्या मनासारखंच करायचे.

खरी गंमत होती ती गिअरची. गाडीला गिअरबॉक्स नव्हताच. इंजिनाच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन पुल्या होत्या, एक मोठी, एक लहान. तिथून चामड्याचा एक रुंद पट्टा गाडीच्या अंगालगत मागच्या आसापर्यंत जायचा आणि तिथल्या रुंद ढोलावरून फिरायचा. पट्टा मोठ्या पुलीवर असला की गाडी सपाटीवर पळणार. लहान पुलीवर आला की सावकाश चालणार, पण चढ चढणार. मागे बसलेल्याने एक दांडा ओढायचा, की मागचा आस चार बोटं पुढे सरकून पट्टा सैल व्हायचा. तेवढ्यात पुढे बसलेल्याने काठीने पट्टा एका पुलीवरून दुसरीवर ढकलायचा. शंभर वर्षांपूर्वीही असंच करत, असं मासिकात लिहिलं होतं. म्हणजे गाडी चालवायला दोन माणसं लागत. पुढची व्यक्ती शोभेला नव्हती.

सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "मला यात ओढू नका." त्यामुळे पुढच्या सीटवर मी.

चढ म्हणजे आमचाच. आमचं घर टेकडीवर आहे. खालच्या रस्त्यावरून वर यायला दोन वळणांचा खडा चढ आहे. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागल्यापासून लेकीकडे येणं मागेच पडलं होतं. बाबांनी तोंडाने कधी म्हटलं नाही, पण गाडी कुठे जायला हवी हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिल्या प्रयत्नाला गल्ली गोळा झाली. बाबांच्या शेजारी एक निवृत्त कंडक्टर राहतात. त्यांनी तोंडानेच "टिंग टिंग" केलं आणि आम्ही निघालो. सपाटीवर गाडी अशी काही पळाली की मला ओरडावंसं वाटलं. ठक ठक ठक ठक, वारा तोंडावर, आणि मागून बाबांचं हसू. मग चढ लागला. इंजिन दमायला लागलं.

"ढकला, जावईबापू!"

मी ढकलला. पट्टा हलेना. अजून जोर लावला. पट्टा दोन्ही पुल्यांवरून उतरला, काठी माझ्या हातातून उडाली आणि गाडी मागे जायला लागली. बाबांनी ब्रेक दाबला, पण तोपर्यंत आम्ही कुणाच्या तरी कुंपणाच्या झुडपात मागच्या मागे शिरलो होतो.

"शेवटचा स्टॉप!" खालून कंडक्टर ओरडले. लोक हसले. मीही हसलो असतो, पण मागे वळून बाबांचा चेहरा पाहिला.

त्यानंतर आम्ही आणखी तीनदा गेलो. तीनदा पट्टा पडला. एकदा माझी दोन बोटं सोलून निघाली. चौथ्या खेपेनंतर बाबांनी गाडी शेडमध्ये ढकलली, तिच्यावर जुनी चादर टाकली आणि म्हणाले, "इंजिन कुणाला हवं असेल तर देऊन टाकू. बाकीचं जळणाला होईल."

पुढचे पंधरा दिवस घरात शेडचं नाव निघालं नाही. बाबा पेपर वाचायचे. संपला की तोच पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला गेलो होतो. जेवण झालं आणि सासूबाई दिसेनात. शेडचं दार उघडं होतं. चादर खाली पडलेली, आणि सासूबाई पुढच्या सीटच्या कडेला टेकून मोठ्या पुलीवरून अंगठा फिरवत होत्या, जसा बाजारात कापडाचा पोत बघावा.

"ही सपाट आहे," त्या म्हणाल्या.

बाबा दारात उभे. "सपाटच असते पुली."

"नसते. मधे जरासं पोट लागतं तिला. पट्टा नेहमी उंचाकडे धावतो. पोट असलं की मधे राहतो, नसलं की मिळेल त्या बाजूने पळतो. आणि दोघींच्या मधली ही कड बघा, सुरीसारखी आहे. पट्टा कापला जाईल हिच्यावर." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही पट्टा कुठे ढकलत होतात?"

मी दाखवलं.

"तिथून तो पुलीतून बाहेर पडतो. गेलेल्या माणसाला मागून हाका मारून काय होणार? शिरतो तिथे हात लावायचा. नुसता लावायचा, रेटायचा नाही. तो आपणहून येतो."

माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासूबाई कापडगिरणीत होत्या हे मला माहीत होतं. तिथल्या खडखडाटामुळे त्यांचा आवाज मोठा झालाय, हेही घरातल्या विनोदांतून माहीत होतं. पण तिथे त्या नेमकं काय करायच्या हे मी कधी विचारलं नव्हतं. नंतर कळलं, पहिली अकरा वर्षं त्या गिरणीच्या जुन्या खात्यात होत्या. तिथे छताखालच्या एका लांब दांड्यावरून सगळ्या यंत्रांना पट्टे यायचे, आणि चालते पट्टे काठीने सरकवायला ज्या दोघी-तिघींना बोलावलं जायचं त्यांत सासूबाई होत्या.

बाबा म्हणाले, "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाबांनी खाली पडलेली चादर उचलली, तिची नीट घडी केली आणि म्हणाले, "पोट किती ठेवायचं?"

"नखाएवढं. मी येते लेथवाल्याकडे. तुम्ही सांगाल एक, तो ऐकेल दुसरं."

पुल्या पुन्हा कातून आल्या. मी वापरलेली काठी सासूबाईंनी बघताक्षणी फेकून दिली आणि जुन्या लाटण्याला लांब दांडा बसवून घेतला, कारण पट्ट्याला गोल आणि गुळगुळीत लाकूडच लागतं. मग रोज सकाळी, शाळेच्या मैदानावर पोरं यायच्या आधी, दोघांचा सराव सुरू झाला. किल्ली मुख्याध्यापकांना विचारून मी आणली होती, म्हणून मला बघायला मिळालं.

"सैल!" सासूबाई ओरडायच्या. बाबा दांडा ओढायचे.

"एवढा नाही! पट्टा फिरता राहू दे! मेलेला पट्टा हलत नाही! आता ताण!"

बाबा दांडा सोडायचे. वर्कशॉपमध्ये बावीस माणसांवर हुकूम चालवलेला माणूस तो. पहिल्या दिवशी त्यांनी उलट उत्तर दिलं, पट्टा पडला. दुसऱ्या दिवशी पुटपुटले, पट्टा पडला. चौथ्या दिवशी नुसतं ऐकलं. पट्टा मोठ्या पुलीवरून लहानीवर असा गेला की मला आवाजसुद्धा बदललेला उशिरा कळला.

"गेला?" बाबांनी विचारलं.

"कधीच," सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी सकाळी ती दोघं चढाच्या पायथ्याशी आली. सासूबाईंनी डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता आणि बाही कोपरापर्यंत दुमडली होती. माझ्या हातात लाकडी पाचर. गाडी मागे यायला लागली तर चाकाखाली घालायची, म्हणजे मी मागून पळायचं. कंडक्टर आलेच होते. या वेळी त्यांनी "टिंग टिंग" केलं नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं होतं.

गाडी निघाली. पहिल्या वळणाच्या अलीकडे इंजिन दमायला लागलं, नेमकं तिथेच, जिथे आम्ही झुडपात शिरलो होतो.

"सैल!"

पट्टा सरकला.

"ताण!"

आणि गाडी सावकाश, एखाद्या हट्टी म्हशीसारखी, पण न थांबता चढायला लागली. खालून टाळ्या ऐकू आल्या. मी धापा टाकत मागे होतो आणि माझ्याच तोंडून "हो हो हो" असं काहीतरी निघत होतं.

दुसऱ्या वळणावर वरून गॅसच्या टाक्यांचा टेम्पो आला. रस्ता अरुंद. बाबांना थांबावं लागलं. चढावर थांबणं म्हणजे संपलंच. ब्रेक दाबून धरलेला, इंजिन धडधडतंय, पट्टा सैल होऊन लोंबतोय. मी धावत जाऊन चाकाखाली पाचर सारली. टेम्पोवाला डोकं बाहेर काढून बघतच राहिला.

"जा की बाबा पुढे!" सासूबाईंनी गिरणीच्या आवाजात सांगितलं. तो गेला.

बाबा म्हणाले, "नाही जमायचं आता. इथून उचलणार नाही ती."

सासूबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. लोंबता पट्टा त्यांनी लाटण्याने अलगद उचलून लहान पुलीवर टेकवला. "इंजिन जोरात करा. आणि दांडा हळू सोडा, अगदी हळू. झोपलेल्या पोराखालून हात काढतो तसा. मी सांगते."

इंजिन ओरडायला लागलं. दांडा बोटभर सुटला. पट्टा घसरला, चरचरला, चामड्याचा वास आला.

"हळू... हळू... आलाय... सोडा!"

गाडीने धक्का खाल्ला, एक क्षण विचार केल्यासारखी थांबली आणि निघाली. मी पाचर हातात घेऊन रस्त्यात बसकण मारली. पुढे पळण्याची ताकद नव्हती आणि गरजही उरली नव्हती.

माझी बायको फाटकात उभी होती. तिने नंतर सांगितलं, आधी आवाज आला, मग आईचा रुमाल दिसला, मग तिला काही दिसेना, कारण डोळे भरून आले. ती हात हलवत राहिली आणि गाडी तिच्यासमोरून सरळ पुढे निघून गेली. "अगं, घर मागे राहिलं!" असं चाक हातात असलेल्या बाबांनीच सासूबाईंना ओरडून सांगितलं म्हणे. त्यावर त्या म्हणाल्या, "असू दे. रस्ता संपेपर्यंत जाऊ."

रस्ता पाण्याच्या टाकीपाशी संपतो. मी पोचलो तेव्हा गाडीभोवती वीस-पंचवीस माणसं जमली होती आणि कुणीतरी विचारत होतं, "काका, कुणी बनवली ही?"

या प्रश्नाचं उत्तर बाबांनी दीड वर्ष मनात घोळवलं असणार. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "बनवली मी. चढवली हिने. कशी चढवली ते तिलाच विचारा, मला अजून नीटसं कळलेलं नाही."

आणि सासूबाई सांगायला लागल्या. पोट म्हणजे काय, कड का मारायची, पट्टा उंचाकडे का धावतो. आवाज पार खालच्या वळणापर्यंत जात असेल. बाबा शेजारी पट्टा हातात उचलून उभे होते, त्या म्हणतील तिथे बोट ठेवून दाखवत. माझ्या बायकोने दोनदा चहा पाठवला आणि दोनदा तो गार झाला.

आता ती दोघं दर रविवारी येतात. गेल्या महिन्यापासून सासूबाई चालवायलाही शिकल्या आहेत. त्या मागे ट्रॅक्टरचं चाक धरून बसतात आणि बाबा पुढे, हातात लाटणं घेऊन. आत्तापर्यंत बाबांनी सहा वेळा पट्टा पाडला आहे.

"येईल त्यांना," सासूबाई परवा मला म्हणाल्या. "माणूस तसा कष्टाळू आहे."