ब्राह्मीचा नियम

सहामाही परीक्षा जवळ आली की संध्याकाळी पाचनंतर आपल्यापैकी बऱ्याच घरांत एकच देखावा दिसतो. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मूल आणि मध्ये उघडं पुस्तक. थोड्या वेळानं आवाज चढतात, मग रडणं ऐकू येतं. शेजारी खिडकी लावून घेतात, कारण त्यांच्याकडेही तेच चाललेलं असतं.

भाग्यश्रीच्या घरी ते पुस्तक चौथीच्या मराठीचं होतं.

गाव मिरजेच्या पूर्वेला, द्राक्षबागांचं. दसरा झाला की तिथं ऑक्टोबर छाटणीची घाई असते. भाग्यश्रीचा नवरा गोमटेश दिवस उजाडायच्या आत बागेत जायचा आणि सूर्य मावळायच्या बेताला जेवायला परतायचा. घरात सासू शालनबाई, भाग्यश्री आणि नऊ वर्षांची ब्राह्मी.

भाग्यश्रीचे वडील साताऱ्याला हायस्कूलमध्ये शिक्षक होते. दर रविवारी ते लेकीच्या हातात नवं पुस्तक ठेवायचे. लग्न होऊन ती या गावी आली तेव्हा तिच्या सामानात पुस्तकांची एक पेटी होती. अकरा वर्षांत त्या पेटीचं कपाट झालं. दर दुसऱ्या शनिवारी एसटीनं सांगलीच्या वाचनालयात जायचं आणि चार पुस्तकं आणायची, हा तिचा नेम. सासूबाईंनी कधी आडकाठी केली नाही. उलट शेजारणींना सांगायच्या, "आमची सून भाकरी थापताना बी वाचती. पर भाकरी कवा करपली न्हाई."

आदिनाथ भगवंतांनी आपल्या मुलीला, ब्राह्मीला, जवळ बसवून अक्षरं शिकवली आणि जगात लिपी आली, अशी कथा जैन घरांत सांगितली जाते. मुलगी झाली तेव्हा भाग्यश्रीला नाव शोधावं लागलं नाही.

आणि त्या ब्राह्मीला वाचता येत नव्हतं.

'घर'चं 'धर' व्हायचं. 'मगर'चं 'गरम'. वरच्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द दोन ओळी खाली आला की तिला अनोळखी वाटायचा. तिसरीपर्यंत हे भाग्यश्रीच्या किंवा शाळेतल्या बाईंच्या लक्षात आलं नाही, कारण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे. मैत्रीण अंकिता शाळेच्या वाटेवर धडा मोठ्यानं वाचायची आणि वर्गात ब्राह्मी पुस्तकाकडे बघत तोच धडा म्हणायची. चौथीत न शिकवलेले उतारे वाचायला आले, तेव्हा ती उघडी पडली.

भाग्यश्रीनं टीव्ही बंद केला, मोबाईल कुलपात ठेवला, खेळ थांबवला. रोज वीस ओळी मोठ्यानं वाचायच्या आणि चुकलेला प्रत्येक शब्द दहादा लिहायचा. समोरच्या हरणाबाईंनी डोक्याला लावायला तेल आणून दिलं आणि म्हणाल्या, "नाव ब्राह्मी, तेल बी ब्राह्मी. आता आणि काय ऱ्हायलं?" भाग्यश्रीला हसू आलं नाही. घट बसायच्या आदल्या दिवशी तिनं मुलीला पहिली चापट मारली. पुढच्या चापटा कुणी मोजल्या नाहीत. प्रत्येक वेळी ती नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडायची. मी चार-चार पुस्तकं संपवते आणि माझ्या पोटची मुलगी एक ओळ वाचत नाही. हिचं पुढं काय होणार? या प्रश्नानं तिची झोप उडाली होती. मुलगी आळशी आहे, मुद्दाम करते, याबद्दल मात्र तिला शंका नव्हती.

गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चातुर्मासात दर रविवारी दुपारी महिला मंडळाचा स्वाध्याय असतो. सुरुवातीला एखादं मूल कथेचं एक पान वाचून दाखवतं. दसऱ्यानंतरच्या रविवारसाठी भाग्यश्रीनं मुलीला न विचारता तिचं नाव दिलं. चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की झक मारत वाचेल, असा तिचा हिशेब होता. ब्राह्मीनं एकच विचारलं, "पान कुठलं?" भाग्यश्रीला ते चांगलं लक्षण वाटलं. पुढचे चार दिवस अंकिता ते पान तिला वाचून दाखवत होती.

रविवारी ब्राह्मी चाळीस बायकांपुढे उभी राहिली आणि अडखळल्याशिवाय वाचू लागली. भाग्यश्रीचे डोळे भरून आले. पान संपलं. वाक्य अर्धं राहिलं होतं आणि उरलेलं पुढच्या पानावर होतं. ब्राह्मीनं पान उलटलं नाही. ती तशीच पुढच्या तीन ओळी म्हणून गेली.

पुढे बसलेली एक बाई म्हणाली, "पान न उलटता पुढचं दिसतंय हिला. तीर्थंकरांगत केवलज्ञान झालंय काय गं पोरीला?"

सगळ्या हसल्या. भाग्यश्री उठली, तिनं पुस्तक हातात घेतलं आणि पुढच्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाच."

ब्राह्मीनं हात मागं घेतले.

"एक शब्द वाच."

हसणं थांबलं. मुलगी आईच्या बोटाकडे बघत होती, शब्दाकडे नाही.

परतीच्या वाटेवर भाग्यश्रीनं मारलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "तुला वाचता येईपर्यंत मी तुझ्याशी बोलणार नाही."

आणि तिनं ते पाळलं. ताट वाढलं, वेणी घातली, दप्तर भरलं. तोंडातून शब्द काढला नाही.

सोमवारी चतुर्दशी होती. ब्राह्मीनं जेवायला नको म्हटलं, उपवास आहे म्हणाली. चतुर्दशीला उपवास करणारी माणसं त्या घरात होतीच. शालनबाईंना कौतुक वाटलं. त्यांनी हरणाबाईंना बोलावून सांगितलं की नऊ वर्षांची पोर निरंकार उपवास करते. मंगळवारी ब्राह्मीनं शाळेत जेवल्याचं सांगितलं आणि डबा अंकिताला दिला. संध्याकाळी पोट दुखतंय म्हणून लवकर झोपली. भाग्यश्रीनं विचारलं नाही, कारण ती बोलत नव्हती.

बुधवारी सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ब्राह्मी कोसळली.

अंकितानं रडत रडत वर्गाच्या बाईंना सगळं सांगितलं. रविवारी संध्याकाळी ब्राह्मी एकटी बस्तीत गेली होती. देवापुढं हात जोडून तिनं नियम घेतला होता, वाचायला येईपर्यंत अन्न घ्यायचं नाही. कुणी मीठ सोडतं, कुणी गोड सोडतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं होतं.

सांगलीच्या दवाखान्यात सलाईन लावल्यावर दुपारी तिनं डोळे उघडले. भाग्यश्री म्हणाली, "ब्राह्मी, दोन घास खा."

मुलीनं आईकडे बघितलं. तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "मम्मी, तू कशी बोललीस? मला अजून वाचायला येत न्हाई."

भाग्यश्रीनं तिचा हात हातात घेतला.

"तुझा नियम मोडला," ब्राह्मी म्हणाली. "माझा मी मोडणार न्हाई. पाप लागतंय." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

तासभर सगळ्यांनी विनवण्या केल्या. नर्सनं चमचा ओठांशी नेला, तिनं ओठ घट्ट मिटले. भाग्यश्री बाहेर व्हरांड्यात येऊन बाकावर बसली. आपली मुलगी आपल्यामुळं उपाशी मरायला निघाली आहे आणि आपण शिकवलेल्या हट्टानंच निघाली आहे, हे तिला दिसत होतं. घरातल्या सगळ्या पुस्तकांतलं एक वाक्य तिच्या कामाला येत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे मुलीच्या दप्तरातल्या वह्या मागितल्या. त्या त्यांनी बराच वेळ चाळल्या, मग विचारलं की बोललेलं पटकन कळतं का, लक्षात राहतं का. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की रीतसर तपासणी करावी लागेल, पण ही वाचनाची अक्षमता दिसते. बुद्धीत काही कमी नाही. मेंदूला अक्षरं जुळवायला त्रास होतो, आणि मारून तो जात नाही. मग त्यांनी विचारलं की घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का.

"नाही," भाग्यश्री म्हणाली.

"हाय," गोमटेश म्हणाला.

तो बागेतून तसाच आला होता. छाटलेल्या काड्यांना लावायच्या पेस्टचे डाग हातांवर वाळले होते. तो बायकोकडे न बघता बोलू लागला. "मला बी न्हाई येत धड. चार ओळी वाचायला अर्धा तास लागतोय. दहावीला तीनदा बसलो. औषधाच्या डब्यावरचं तुला वाचाय लावतो ते चष्म्यापायी न्हवं. मास्तरनी अंगठे धरून उभा केलंय मला सगळ्या वर्गापुढं. तू पुस्तकांची पेटी घेऊन घरात आलीस, तवाच ठरवलं, हिला कळू द्यायचं न्हाई."

माहेरी गेल्यावर भाग्यश्री त्याला मोबाईलवर लांबलचक लिहायची आणि तो लगेच फोन करायचा. त्याला माझा आवाज ऐकायचा असतो, असं ती मैत्रिणींना कौतुकानं सांगत आली होती.

"पोरीचं कळलं होतं तुम्हाला?" भाग्यश्रीनं विचारलं.

"व्हय. पहिलीतच. बोललो असतो तर ही येळ आली नसती. भ्यालो."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या शालनबाई आता बोलल्या. "ह्याला मी बी लय मारलंय. आणि परवा पोरगी उपाशी व्हती तर मी गावभर मोठेपणा सांगत सुटले. चूक माझी बी हाय. पर भाग्यश्री, एक सांग. भगवंताची वाणी लोकांनी आदी कशानं घेतली? कानानं. लिवली ती कितीतरी पिढ्यांनंतर. मग ऐकणारी सगळी अडाणी व्हती व्हय? मला सहीपुरतं येतंय. पंधरा स्तोत्रं तोंडपाठ हायत, सगळी ऐकून. तू मला कवा अडाणी म्हणाली न्हाईस. मग तुझ्याच लेकराला का?"

"आत्ती, मला तिचं भलं करायचं होतं."

"भलंच करायचं व्हतं. पर तुला तिच्यात तूच पायजे व्हतीस. ती कोण हाय, हे तू बघितलंच न्हाईस."

भाग्यश्री उठली आणि आत गेली. दोघं तिच्या मागं गेले. ती कॉटजवळ खाली बसली आणि तिनं मुलीपुढं हात जोडले.

"क्षमावाणीच्या दिवशी मी सगळ्या गावाला हात जोडले, ब्राह्मी. तुला जोडले नाहीत. तू आळशी नाहीस. मी चुकले. मला क्षमा कर."

ब्राह्मी वळली नाही. शालनबाई उशाशी बसल्या आणि तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "तप शक्तीपरमाणं करावं, असं शास्त्रच सांगतंय बाळा. भ्यानं घेतलेला नियम देवाला पोचत न्हाई. आणि लहान लेकरानं नियम घ्यायचा तर थोरांना इचारून. तू कुणाला इचारलंस? त्यो लागलाच न्हाई तुला."

मग गोमटेश पुढं झाला.

"ब्राह्मी, मला बी वाचायला येत न्हाई बघ."

मुलीची मान हळूहळू वळली. ती बापाच्या तोंडाकडे बघत राहिली, थट्टा तर नाही ना याची खात्री करून घेत.

"पप्पा, तुमाला?"

"व्हय. तुझ्यासारखंच. अक्षरं जागेवर ऱ्हातच न्हाईत."

ती विचारात पडली. मग म्हणाली, "मग तुमी जेवता कसं?"

"तीन भाकरी खातो रोज," गोमटेश म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

खिडकीबाहेर सूर्य मावळला होता. शालनबाईंनी उभ्या जन्मात दिवस मावळल्यावर काही खाल्लं नव्हतं आणि घरात कुणाला खाऊ दिलं नव्हतं. त्यांनीच पिशवीतून मुगाच्या पाण्याचा डबा काढला. "अंधार पडला म्हणून थांबू नगा. लेकराला पाजा," त्या म्हणाल्या.

ब्राह्मीनं बापाच्या हातून दोन चमचे घेतले. तिसरा चमचा भाग्यश्रीनं पुढं केला. ब्राह्मी क्षणभर थांबली, मग तिनं तोंड उघडलं.

पुढं तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा ठरला. अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ मिळतो, गरज पडली तर लेखनिकही मिळतो, हे भाग्यश्रीला तेव्हा प्रथम कळलं. ब्राह्मी अजून अडखळते. पुढंही अडखळेल. आता दुपारी भाग्यश्री मोठ्यानं वाचते आणि ब्राह्मी ऐकते. कधी कधी गोमटेश छाटणीच्या गड्यांना चहा न्यायच्या निमित्तानं घरी येतो आणि उंबऱ्यावर टेकून राहतो. गडी चहाची वाट बघत बसतात.

दिवाळीनंतर शाळेत पालकसभा झाली. एक गृहस्थ उठून म्हणाले की त्यांचा मुलगा पक्का आळशी आहे, वाचायचं नाव काढत नाही, बाईंनी दोन रट्टे दिले तरी त्यांची हरकत नाही. काहींनी माना डोलावल्या. महिन्यापूर्वी भाग्यश्रीनंही डोलावली असती. ती उभी राहिली.

"दादा, तो वाचत नाही की त्याला वाचता येत नाही, हे आधी तपासून घ्या," ती म्हणाली. "मूल मुद्दाम नापास होत नाही. ज्याला जमत नाही त्याला मारलं की ते वाचायला शिकत नाही, लपवायला शिकतं. माझ्या घरात अशी दोन माणसं होती. एकानं माझ्यापासून अकरा वर्षं लपवलं. दुसरीनं अन्न सोडलं. आणि त्या सगळ्या दिवसांत मी घरात बसून पुस्तकं वाचत होते."

ते गृहस्थ हळूच खाली बसले आणि त्यांनी बाईंना विचारलं, ही तपासणी कुठं होते.