चारशे तासांची परीक्षा

मी रणगाड्याचं इंजिन बोलतोय. बारा सिलिंडर, दीड टन वजन आणि स्वभाव तापट. माझ्या अंगावर चार हा आकडा कोरलाय, कारण माझ्याआधी तिघे होऊन गेले. थोरल्याचा क्रँक, म्हणजे मुख्य फिरता दांडा, नवव्या तासाला मोडला. दुसऱ्याचे पिस्टन वितळले. तिसरा सुरूच झाला नाही. त्याचा विषय निघाला की लोक अजूनही घड्याळाकडे बघत उठून जातात.

मी एका जागी घडलो नाही. क्रँकचं पोलाद सात वेळा नापास झालं आणि आठव्यांदा पास झालं. मागून तेल गळू नये म्हणून बसवतात ते रबरी कडं, म्हणजे सील, एका छोट्या कारखानदाराने सहा वर्षं खपून बनवलं. त्यांना सगळे रबरवाले म्हणत. आणि हे सगळं जुळवलं आमच्या फिटरने, नानांनी. एखादा भाग बसेना की नाना मलाच दटावायचे, "अरे गधड्या, अंग चोरू नकोस!" मग मी निमूट बसू द्यायचो.

शेजारच्या खोलीत एक परदेशी इंजिन पाहुणा म्हणून आलं होतं. त्याला उघडायची परवानगी नव्हती. ते बिघडलं की पत्र जायचं आणि आठ महिन्यांनी उत्तर यायचं. तरी रणगाड्यात बसवायला तेच घ्यावं असं म्हणणारे पुष्कळ होते, कारण ते आधी कुठेतरी चाललेलं होतं. मी कुठेच चाललो नव्हतो. ज्याला संधीच मिळाली नाही त्याला अनुभव विचारायचा, ही माणसांची रीत मला कधी कळली नाही.

माझी परीक्षा चारशे तासांची होती. तेल बदलायला थांबायचं, बाकी रात्रंदिवस धावायचं. सैन्याकडून कर्नलसाहेब परीक्षक म्हणून आले. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या मुख्य इंजिनिअरला, ताईंना, बजावलं, "भाग मोडला तर बदला. पण तुमच्या माणसांच्या चुकीने खोळंबा झाला, तर तास पुन्हा शून्यापासून." खरेदी समितीच्या बैठकीची तारीख ठरलेली होती. त्याआधी मी पास झालो नाही, तर पाहुण्याची ऑर्डर निघणार होती.

दोनशे साठ तास मी सुरळीत धावलो. मग तेल बदलायला थांबलो आणि तेव्हाच निरोप आला, मोठे साहेब भेटीला येणार आहेत. झालं! जमिनीवर पिवळे पट्टे मारले, दारातल्या कुंड्यांना गेरू लावला आणि मलाही रंगवायचं ठरलं. माझ्यावर परक्या माणसाचा ब्रश फिरणार, हे नानांना सहन होईना. ते स्वतःच रंगवायला बसले. रंग आत जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या सगळ्या भोकांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. नंतर एकेक काढल्या. एक राहिली.

ती होती ब्रीदरच्या तोंडावर. माझ्या पोटातली हवा जिथून बाहेर पडते ते बोटभर तोंड. पट्टीवर रंग बसला होता, त्यामुळे कुणाला दिसली नाही. पोटातला दाब दाखवणारा काटा दुरुस्तीसाठी परदेशी गेला होता आणि वहीत त्या रकान्यात नुसती रेघ मारत. मोठे साहेब आले, माझ्याबरोबर फोटो काढून गेले आणि मला पुन्हा सुरू केलं. हवा आतच साठत गेली, दाब वाढला आणि माझा जीव कोंडायला लागला.

त्यानंतर अकराव्या तासाला मागच्या सीलमधून तेल गळलं. सील बदललं. दुसरं सील चार तासांत गळलं. कर्नलसाहेबांनी मला बंद करायला लावलं आणि रबरवाल्यांना बोलावणं धाडलं. ते आले, काढलेलं सील हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून बघू लागले.

"माझं रबर असं कच्चं निघणार नाही हो ताई. काहीतरी वेगळं झालंय."

"अजून एकदा गळलं तर सगळंच बुडेल," ताई म्हणाल्या. त्यांना ते बोलताना लाज वाटत होती.

कर्नलसाहेबांनी मधला मार्ग काढला. "बाहेरचं, परदेशी सील बसवा. चाचणी पुढे चालू ठेवू. अहवालात एवढंच लिहू, की इथलं सील टिकलं नाही."

रबरवाल्यांनी ते सील रुमालात गुंडाळलं. मी ओरडत होतो, की रबर चांगलं आहे, माझं तोंड उघडा! पण बंद पडलेल्या इंजिनाचं कोण ऐकणार?

सगळे चर्चेला बाहेर गेले. बाहेरचं सील बसवायला नाना एकटे मागे राहिले. काम करता करता आधारासाठी त्यांनी ब्रीदरला हात लावला आणि तिथेच थांबले. नखाने रंग खरवडला. खालची पट्टी दिसली. पट्टी गुपचूप काढून खिशात घातली असती, तर बाहेरच्या सीलला श्रेय मिळालं असतं, मी आठवड्यात पास झालो असतो आणि नानांचं नावही कुठे आलं नसतं. मला तेव्हा त्यांची भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

नानांनी पट्टीला हात लावला नाही. दार उघडून त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं.

"सील निर्दोष आहे. ही पट्टी मी लावली आणि काढायला विसरलो. लिहून घ्या."

ताईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "नाना, बैठक पंधरा दिवसांवर आली. चारशे तासांना सतरा दिवस लागतात."

"ठाऊक आहे ताई. पण या रबरवाल्यांनी सहा वर्षं घासली. मी यांच्या पोटावर पाय कसा देऊ?"

कर्नलसाहेबांनी वहीत शून्य लिहिलं. नानांची बदली भांडारात झाली.

मी पुन्हा धावलो, रबरवाल्यांच्याच सीलवर. तीनशे बेचाळिसाव्या तासाला बैठकीत पाहुण्याची ऑर्डर निघाली. कुणीतरी मला बंद करायला हात पुढे केला. ताई म्हणाल्या, "हात लावायचा नाही." दोन दिवसांनी दुपारी चारशे तास भरले. तेलाचा थेंब नव्हता. ऑर्डर हातची गेलेली असतानाही कर्नलसाहेब सही करायला आले. त्यांनी पुढच्या ऑर्डरसाठी माझं नाव लिहिलं.

मी अजून धावतच होतो. ताईंनी भांडारात फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या दिशेने धरला. "नाना, ऐकताय ना? चारशे!"

पलीकडे नानांनी माझी धडधड कान देऊन ऐकली. मग त्यांचा आवाज आला. "ताई, डावीकडचं चौथं सिलिंडर अडखळतंय. नोझल काढून बघा."

ते खरं होतं. शंभर तास मला तिथे दुखत होतं आणि काचेमागच्या एकाही काट्याने ते दाखवलं नव्हतं.

आज मी उघडा पडलोय, इंधन फवारणारं ते नोझल टेबलावर आहे. नव्या ऑर्डरसाठी पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा आहे आणि मी घाबरलेलो नाही. माझी विनवणी एवढीच आहे. मला परदेशी काटे नकोत, नवा रंग नको. मला माझे नाना परत द्या.