पांढरे हातमोजे

शाळेच्या मागच्या अंगाला एक लांबलचक खोली होती आणि तिच्या दाराला दोन कुलपं होती. एक सगळे लावतात तसं, आणि दुसरं मुख्याध्यापिका बाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून. दोन्हींच्या किल्ल्या बाईंच्या पर्समध्ये असत. मुलं त्यांना पाठीमागे ‘कुलूपबाई’ म्हणायची. बाईंच्या ते कानावर होतं, पण राग नव्हता. “म्हणू देत. माझी कुलपं आहेत म्हणून मशीन शाबूत आहे,” असं त्या शिक्षकांच्या खोलीत कौतुकाने सांगायच्या.

ते मशीन म्हणजे लेथ. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून त्याला आकार देणारं. नववी-दहावीच्या मुलांनी शाळेतच एखादा व्यवसाय शिकावा, म्हणून बऱ्याच खटपटीने ते मिळवलेलं होतं. आता त्या वर्गात जायचं कोणी? ज्याचं गणित कच्चं, ज्याचं भाषेशी वाकडं, त्याला तिकडे ढकलायचं अशी रीतच पडली होती. आईबाप ऑफिसात येऊन हात जोडत, “बाई, काही करा, पण आमच्या पोराला मशीनकडे टाकू नका.” म्हणजे पाहा, मशीन दोन कुलपांत आणि त्या मशीनवर शिकणारी पोरं मात्र कोणालाच नकोशी!

मशीन कधी चालू होत नसे. “चालवलं आणि एखाद्याचं बोट गेलं, तर उत्तर कोण देणार?” हा बाईंचा प्रश्न, आणि विषय तिथेच संपे. वर्गात फळ्यावर लेथची आकृती निघायची. मुलं तिचे भाग पाठ करायची, वहीत रंगवायची. परीक्षेच्या दिवशी तेवढी दोन्ही कुलपं निघत, मशीनवरची चादर बाजूला होई, आणि मुलं एकेक भागावर बोट ठेवून नाव सांगत. तेही हातात पांढरे सुती मोजे घालून. घामाच्या हातांनी चकाकी जाते, डाग पडतात, म्हणून बाईंनी तसा नियमच केला होता. तपासणीला आलेले साहेब मशीनवरून बोट फिरवत, बोटाला धूळ लागत नसे, आणि बाईंची मान ताठ होई.

कार्यशाळेचे सर एकदा चाचरत म्हणाले होते, “बाई, लेथवर मोजे घालत नाहीत. फिरत्या भागात कापड अडकलं तर अख्खा हात आत ओढला जातो.”

“अहो, पण आपलं फिरतंय कुठे?” बाई म्हणाल्या. सगळे हसले. नोकरी करायची होती, म्हणून सरही हसले.

त्या वर्गात एक मुलगी होती. पाय एका जागी ठरत नसत, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ढकलून नव्हे, स्वतःहून आलेली ती एकटीच. “बाई, लोखंड सोलता येतं, हे खरं का?” असं विचारत तिने प्रवेश घेतला होता. तिने आकृती अशी काढली की छापील वाटावी. वर्गात पहिली आली. निरोपाच्या कार्यक्रमात बाईंनी तिला नव्या कोऱ्या पांढऱ्या मोज्यांची जोडी बक्षीस दिली आणि पाठीवरून हात फिरवत म्हटलं, “मशीनला जपलंस की मशीन तुला जपेल, बाळ.”

तिला कारखान्यात शिकाऊ म्हणून घेतलं. पहिला नंबर म्हटल्यावर फोरमनने लगेच लेथवर उभं केलं. आणि तो आठवडा संपायच्या आत एका सकाळी कार्यशाळेचे सर बाईंच्या ऑफिसात आले. खुर्चीत न बसताच म्हणाले, “बाई, आपल्या भिंगरीचा हात मशीनमध्ये गेला.”

इस्पितळातल्या त्या खोलीत औषधांचा वास होता आणि खिडकीशी भिंगरीची आई पाठ करून उभी होती. तिने बाईंकडे वळूनही पाहिलं नाही. भिंगरीचा उजवा हात बँडेजमध्ये उशीवर ठेवलेला होता. अंगठा तेवढा राहिला होता. बाईंना पाहून ती उठायला गेली. अशा वेळीही उठायला गेली!

“पडून राहा, बाळ. कसं झालं गं हे?”

“माझं काही चुकलं नाही, बाई,” ती घाईघाईने म्हणाली, तोंडी परीक्षेला उत्तर द्यावं तशी. “मी मोजे घातले होते. फोरमनकाका म्हणाले, काढ ते. मी काढले. पण ते पलीकडे गेल्यावर परत घातले. मशीन नवं होतं ना, बाई. डाग पडले असते.”

मोजे! त्यांनीच दिलेले, टाळ्यांच्या गजरात दिलेले मोजे! सोबत आलेले कार्यशाळेचे सर भिंतीकडे बघत होते. आणि खिडकीशी उभी असलेली आई पहिल्यांदा बोलली.

“बाई, तुमच्या मशीनवर डाग नाही ना पडला कधी?”

बाई उठल्या आणि बाहेर आल्या.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या समितीतले लोक जमले. “बरं झालं, आपल्याकडे नाही घडलं,” एक जण म्हणाला. “हा वर्गच बंद करून टाका, म्हणजे बला टळली.” बाईंनी मान हलवली. त्यांनाही तेच पटत होतं. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कोणाला नको?

घरी त्यांची थोरली बहीण होती. ताईंनी नोकरीची सगळी वर्षं परिचारिकांना शिकवण्यात घालवली होती. पुढ्यातला चहा निवला तरी बाईंनी कप उचलला नाही, तेव्हा ताईंनी खोदून विचारलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“बंदच करते वर्ग,” बाई शेवटी म्हणाल्या. “पुन्हा कोणाचा हात जायला नको.”

“म्हणजे तिसरं कुलूप लावतेस.”

“मग काय करू, ताई? चालत्या मशीनपाशी मुलं उभी करू? कोणाला काही झालं तर?”

“झालं की! आणखी काय व्हायचं राहिलंय? तुझ्या दारात झालं नाही, दुसऱ्याच्या दारात झालं, एवढंच.”

“असं नको ना बोलूस. मला वाटायचं, कारखान्यात गेल्यावर शिकतीलच. पाण्यात पडलं की पोहता येतं.”

“हे सांगायला बुडालेले कुठे येतात?” ताई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा उतरला. “माझ्या मुली पहिलं इंजेक्शन द्यायच्या तेव्हा त्यांचा हात लटलटायचा. माझा हात त्यांच्या कोपराखाली असायचा. चुकतेय असं दिसलं की मी धरायचे. अगं, पोरांना चुकायला शाळेसारखी जागा नाही. तू त्या पोरीला एकदाही चुकू दिलं नाहीस. पहिली चूक तिने तिथे केली, जिथे तिला धरायला कोणी नव्हतं.”

बाई रडल्या. ताईंनी त्यांना उगी केलं नाही.

सकाळी बाईंनी दोन्ही कुलपं काढली. चादर ओढली. मशीन आरशासारखं चकाकत होतं. “सर, चालू करा.” सरांनी बटण दाबलं. मशीन घरघरलं, हुंकारलं आणि जागच्या जागी बंद पडलं. सरांनी झाकण उघडून आत पाहिलं. वापराविना सगळं आतून आखडलं होतं, गंजलं होतं. बाहेरून ओरखडा नाही आणि आतून मेलेलं! इतकी वर्षं आपण नेमकं काय जपलं, हे बाईंना तेव्हा कळलं. समितीपुढे त्या उभ्या राहिल्या, शब्दाला शब्द वाढला, पण त्या हटल्या नाहीत. वर्ग बंद झाला नाही. मशीन दुरुस्त झालं. किल्ल्या सरांकडे गेल्या.

पहिल्या धड्याला बाईंनी भिंगरीला बोलावलं होतं. ती येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण ती आली, उजवा हात ओढणीत लपवून. मागे आई होती. मुलं सवयीने पांढरे मोजे चढवून रांगेत उभी होती. नियम रद्द झाल्याचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं!

भिंगरीने ओढणी बाजूला केली. तो हात सगळ्यांना दिसला.

“आधी मोजे काढा,” ती म्हणाली. “ओढणी, बाह्या, वेण्या, काही लोंबता कामा नये. मग सरांशेजारी उभं राहायचं. मला हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.”

बाई मान खाली घालून पुढे झाल्या आणि एकेका मुलाच्या हातातले मोजे स्वतः काढू लागल्या. मशीन फिरू लागलं. पहिल्याच मुलाने कापलेला तुकडा वाकडा निघाला. तो घाबरून बाईंकडे पाहू लागला. “वाकडा होऊ दे,” बाई म्हणाल्या. “लोखंडच वाया गेलंय. दुसरं घे.”

भिंगरीची बोटं काही परत आली नाहीत. तिच्या आईने बाईंना क्षमा केली की नाही, तेही कोणाला ठाऊक नाही. पण वाचकहो, मुलांना काम शिकवायचं तर ते त्यांच्या हाताला शिकवावं लागतं, आणि शिकताना आपला हात शेजारी असावा लागतो. तुमच्या मुलांच्या शाळेतही असं एखादं लखलखीत, बंद दार असेल. किल्ली कोणाकडे आहे, ते उद्याच जाऊन विचारा.