लाइनमनची गाठ

माझ्या सासऱ्यांनी माझ्यावर खूप उपकार केले. त्यातला शेवटचा मी त्यांना अजून माफ केलेला नाही.

माणूस वाईट असता तर सोपं झालं असतं. पण गोमाजी म्हणजे देवमाणूस, आमच्या करडी गावात कोणालाही विचारा. बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन. गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा त्यांचे अर्धे सोबती तिकडे गेले, हे भंडाऱ्यातच राहिले. आसपासच्या कितीतरी गावांत पहिली घंटी यांनी ओढलेल्या तारेवर वाजली. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाई मला गोठा दाखवायला निघाल्या होत्या, तेव्हा हेच आडवे आले. "पोरगी ग्रॅज्युएट आहे, सत्यभामा. तिले कायले शेणात घालतेस?" आणि त्यांनी मला नोकरी करू दिली. 'करू दिली' हा आमच्या घरातला शब्द आहे. माहेरी असताना मी नोकरी नुसती करत होते.

कंपनी नागपूरची, पण तिचं एक छोटं ऑफिस भंडाऱ्यात, एका पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. दवाखान्यांची बिलं आणि विम्याचे कागद स्क्रीनवर जुळवून पाहायचे, हे काम. कोरोनात सगळ्यांना घरी बसवलं. पुढे नियम झाला की ज्याच्या घरी नेट चांगलं त्याने घरूनच काम करायचं आणि ज्याचं नेट रडतं त्याने ऑफिसात यायचं, कारण खुर्च्या बाराच. आमच्या घरी सासऱ्यांनी स्वतः ओढलेली तांब्याची तार होती. तिच्यावर एक कागद उघडेपर्यंत चहा उकळून उतू जायचा. मी रोज सकाळी पावणेआठच्या एसटीने भंडाऱ्याला जायचे आणि त्या तारेचे मनातल्या मनात आभार मानायचे.

बाई रोज बाहेर जाते म्हणजे तिथे काहीतरी असणार, असं लोकांना वाटतं. काही नव्हतं. खिडकीची जागा मिळाली तर पुलावरून वैनगंगा दिसायची. हर्षा नावाची मैत्रीण होती, तिच्याबरोबर एक कटिंग दोघींत. जेवणाच्या सुट्टीत खाली दुकानात जाऊन मी पितळेचे गंज, पातेली आणि समया बघत उभी राहायचे. दुकानदाराला माहीत होतं की ही काही घेणार नाही, तरी तो फडक्याने पुसून दाखवायचा. दिवसाचे सात-आठ तास मला कोणी सूनबाई म्हणत नव्हतं, बस एवढंच. पण तेवढ्यावर मी जगत होते.

मार्चमध्ये गावात फायबर आलं.

माझा नवरा मनिष तुमसरला राईस मिलमध्ये सुपरवायझर आहे. एका संध्याकाळी तो आणि सासरे मला समोर बसवून असे हसत होते, की मला वाटलं घरात म्हैस घेतली. सासरे म्हणाले, "तुह्यासाठी फायबर सांगितलं, खुशबू. उन्हातान्हात किती हाल होऊन राहिले तुहे." मनिषने माझ्याच मोबाईलवरून कंपनीचा घरून कामाचा फॉर्म भरूनही टाकला होता. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत नेटच्या स्पीडचा फोटो पाठवायचा. त्यावरून पुढच्या सहा महिन्यांच्या खुर्च्या ठरणार होत्या.

रात्री मी मनिषला म्हटलं, "मले ऑफिसात जायले आवडते."

"धक्के खायले आवडते?" तो हसला. "पागल झाली का?" आणि कूस बदलून झोपला. त्याच्या हिशेबी तो विषय तिथेच संपला होता.

मंगळवारी फायबरवाला अंकुश आला. माझा नेमका त्या दिवशी रजेचा अर्ज टाकून ठेवला होता, तोही मनिषनेच. नेटचा डबा कुठे बसवायचा हे सासूबाईंनी ठरवलं: आमच्या आतल्या खोलीत, पलंगाच्या उशाशी. "तिले उठाले नाही लागलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आन् मधामधात गाईकडे पन लक्ष राहीन." त्या खोलीची खिडकी गोठ्यावर उघडते. सासऱ्यांनी स्वतः शिडी लावून आपली तांब्याची तार उतरवली, घडी करावी तशी गुंडाळली आणि धान्याच्या कोठ्यात ठेवून आले. डोळे जरा ओले होते त्यांचे. माझ्यासाठी केलं त्यांनी ते, हेच तर मला खात होतं.

अंकुशने जोड मारला, डब्यावर हिरवा दिवा लागला, आणि दहा-बारा हात वायर जास्तीची उरली. तिचं मोठं वेटोळं करून तो म्हणाला, "काकाजी, हे असंच गोल मोठं ठेवा, ताटाएवढं. मुडपू नका, कसू नका. यात तार नाही, काच आहे. आतून उजेड धावते. वाक पडला तं अडते."

"मले शिकवून राहिला का बे?" सासरे म्हणाले. "तू जलमला नव्हता तेव्हा म्या सिहोऱ्यापर्यंत तार ओढली."

अंकुश गेला. मी चहा घेऊन आत आले तेव्हा सासरे ते वेटोळं सोडून बसले होते. त्यांनी बोटांवर आठाच्या आकड्यात वायर गुंडाळली, मधोमध सुतळीचे चार वेढे दिले, दातात धरून आवळली आणि ती जुडी डब्यामागच्या खिळ्याला अडकवली. लाइनमनची गाठ. खात्यात साहेब तपासणीला आले की आधी ही गाठ बघायचे म्हणे. ज्याची गाठ ढिली तो माणूस ढिला. सासऱ्यांची गाठ बत्तीस वर्षांत कधी ढिली निघाली नव्हती. ते चहाचा कप घेऊन समाधानाने ओसरीवर गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा विझून लाल दिवा लुकलुकायला लागला.

मी गाठीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं. बाहेर येऊन भाजी चिरायला घेतली. मला इतका आनंद झाला होता की कांद्याचं निमित्त करून रडून घेतलं.

लाल दिवा घरातल्यांना रात्री दिसला. मनिषने अंकुशला फोन लावून माझ्या हातात दिला, कारण इंग्रजी काही बोलावं लागलं तर मी बरी. अंकुश पलीकडून पहिलाच प्रश्न काय विचारतो? "ताई, वायर मुडपली तं नाही ना कोणी?"

सासरे समोर उभे होते. मी म्हटलं, "नाही."

"पक्कं ना?"

"पक्कं."

"मग फॉल्ट बाहेर आहे, खांबावर. पन मी आता सिहोऱ्यात अडकलो. जेसीबीनं केबल तोडली इकडची. सोमवारी येतो."

सोमवार. म्हणजे शनिवार उलटून. सहा महिने माझी खुर्ची पक्की! बुधवारी मी एसटीत बसले तेव्हा पुलावरची नदी मला नवी वाटली. हर्षाला सगळं सांगितलं तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. गुरुवार, शुक्रवार मी असेच मजेत काढले. खोटं बोलल्याचं मला काहीच वाटत नव्हतं, हे कबूल करते. त्या घरात मी पहिल्यांदाच काहीतरी माझ्या मनासारखं केलं होतं, तेही एक शब्द बोलून.

पण घरी परतले की सासरे दिसायचे. बुधवारी ते वायरीच्या खालून मान वर करून गावाच्या टोकापर्यंत चालत गेले. गुरुवारी पुन्हा. चौकात कोणी विचारलं, "का हो लाइनमन, तुमच्याच घरची लाइन मेली?" तेव्हापासून त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. शुक्रवारी रात्री मनिष चिडला. "बाबा, तुम्ही हात लावला असन. ही तुमची तांब्याची तार नाही. आता कायलेच हात लावू नका." बाप उठला. कोठ्यात जाऊन त्या गुंडाळलेल्या तारेजवळ बसला. सासूबाईंनी दोनदा हाक मारली तरी आले नाहीत.

मला त्या वेळी सांगता आलं असतं. सात पावलं चालायची आणि एक सुतळी सोडायची. मी ताट घासत बसले. एक दिवस राहिलाय, मी स्वतःला समजावत होते. एक दिवस, बाई, एकच दिवस.

शनिवारी ऑफिसला सुट्टी होती. दुपारी तीनला सासऱ्यांनी शिडी काढली.

घरासमोर टेलिफोनचा जुना लोखंडी खांब आहे, त्याच्यावरूनच फायबर आलेलं. सासऱ्यांचं वय सदुसष्ट, उजवा गुडघा कामातून गेलेला, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. वर एप्रिलचं ऊन, असं की लोखंडाला हात लावला तर पोळावा. मनिष मिलवर होता. सासूबाई ओरडत होत्या, "मराले चालला का म्हातारा?" ते मला म्हणाले, "खुशबू, तू फक्त शिडी धर. तुहा आज पाचचा टाइम आहे ना? म्या आहे ना. पाचच्या आत लाइन देतो तुले."

मी शिडी धरली. काय करणार होते? ते एकेक पायरी चढले. वरच्या दोन पायऱ्यांवर त्यांचा गुडघा थरथरताना मला शिडीतून हाताला कळत होतं. ते एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने वायर चाचपत होते, जिथे काही बिघडलेलंच नव्हतं. मीच त्यांना तिथे चढवलं होतं. मी म्हटलं होतं 'पक्कं', म्हणून फॉल्ट खांबावर होता.

त्यांचा पाय सुटला तो एकदाच. अर्धी पायरी घसरले, खांबाला मिठी मारली, हात भाजला असणार, पण तोंडातून आवाज आला नाही. सासूबाईंनी किंकाळी फोडली. मी खालून ओरडले, "मामाजी, उतरा! फॉल्ट घरात आहे!"

ते उतरेपर्यंत मी शिडी सोडली नाही. मग आत गेले आणि सुतळी सोडायला घेतली. गाठ पक्की होती, सुटेना. शेवटी विळीवर धरून कापली. वायर आपोआप फुगून मोकळी झाली, लाल दिवा विझला, आणि क्षणभराने हिरवा लागला. मागे दारात सासरे उभे होते. तळहात लाल झालेला, कपाळावरून घाम. त्यांनी दिवा बघितला, कापलेली सुतळी बघितली, आणि मग मला बघितलं. लाइनमनला फॉल्ट कळायला वेळ लागत नाही.

"कधी समजलं तुले?" त्यांनी हळूच विचारलं.

"मंगळवारीच."

पाचला दहा कमी असताना मी मोबाईलवर स्पीड मोजला. काटा धावत गेला तो धावतच गेला. मी फोटो पाठवला. रात्री मनिषने पेढे आणले. लाइन कशी आली असं त्याने विचारलं, तेव्हा सासरे म्हणाले, "माह्याच गाठीनं अडली होती." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मला तो पेढा गिळवेना.

सोमवारी सकाळी मी उशाशी लॅपटॉप उघडून बसले. खिडकीतून गाय माझ्याकडे बघत होती. पावणेआठला एसटीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली आणि निघून गेली. तेवढ्यात सासरे आत आले. एका हाताला पट्टी, दुसऱ्यात हातोडी, आणि काखेत स्वयंपाकघरातलं जेवणाचं ताट.

पलंगापासून जरा दूर उभे राहून ते म्हणाले, "जायचंच होतं तं बोलली काहून नाही, खुशबू?"

मी म्हटलं, "बोलली असती, तं जाऊ देलं असतं का?"

ते डब्याच्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. हो म्हणायला काय जात होतं त्यांचं? पण खोटं बोलायची सवय त्या घरात मलाच होती, त्यांना नाही. सासूबाईंनी बाहेरून हाक मारली, "खुशबू, घरीच आहेस तं गाईले पाणी दाखवजो वं!"

सासऱ्यांनी ताट भिंतीवर टेकवलं, त्याच्या कडेने पेन्सिलीने गोल काढला आणि त्या गोलावर चार खिळे ठोकले. मग मोकळी पडलेली वायर उचलून त्यांनी ती खिळ्यांवरून फिरवली, सावकाश, कुठे वाक पडू नये म्हणून दर वेढ्याला बोटाने चाचपत. अंकुशने सांगितलं होतं अगदी तसं. काम झाल्यावर दोन पावलं मागे सरून त्यांनी ते नीट बघितलं.

"आता नाही जाणार लाइन," ते म्हणाले. "कधीच नाही जाणार."