सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम

मालवणात एका हॉलमध्ये ‘लघुउद्योजकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता’ असं शिबिर झालं आणि माझा नवरा कुस्तोदियो उद्योजक होऊन घरी आला. सकाळी गेला तेव्हा तोंडवलीत चार खोल्यांचं होमस्टे चालवणारा साधा माणूस होता. म्हणजे चालवते मी, तो पाटीवरच्या नावापुरता. पण शिबिराला पाटीवरच्या नावालाच बोलावतात.

शिबिर घेणारा निलेश म्हणून पुण्याचा एक सल्लागार. सुरुवात छोटी करा, धंद्यातलं सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम शोधा आणि तेवढंच मशीनला द्या, असं त्याने सांगितलं म्हणे. सल्ला काही वाईट नव्हता. कुस्तोदियोने घरी येऊन चपला काढायच्या आधीच ते काम शोधलं. ते काम म्हणजे मी.

“तुझा फोनार बोलणा रोज दोन तास खाता,” तो म्हणाला. “जग खंय गेला, आनी आपण खंय! आता मशीन बोलतला. तुका आराम गावतलो.”

आता माझं फोनवरचं बोलणं काय असतं ते सांगते, कारण सतरा वर्षांत नवऱ्याला ते कळलेलं नाही. पाहुण्याचा फोन आला की मी विचारते, कोण कोण येणार, पोरं किती, सोमवार कोण पाळतं, तिखट कितपत चालतं, म्हाताऱ्या माणसाला खालची खोली हवी का. बोलता बोलता कोणाची सून बाळंत झालेली कळते, कोणाचा गुडघा बदललेला कळतो. त्यावरून मी ठरवते, किनाऱ्यावर जाळं ओढलं की त्यातलं काय घ्यायचं आणि कोणाच्या पानात काय वाढायचं. यातलं एक अक्षर मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. लिहायचं कशाला? डोकं आहे की.

त्यामुळे मशीन लावून द्यायला निलेशने डेटा मागितला तेव्हा पंचाईत झाली. डेटा माझ्या डोक्यात, आणि डोकं तापलेलं. शेवटी कुस्तोदियोने स्वतःच फॉर्म भरला. ‘पाहुण्यांच्या आवडी’ या रकान्यात सगळ्यांपुढे ‘मासे’ लिहून टाकलं. सोमवारी उपास धरणारी मंडळीसुद्धा त्यातून सुटली नाहीत. ‘मशीनने कसे वागावे’ या रकान्यात त्याने लिहिलं, ‘कमी बोलावे.’ हा टोमणा कोणाला होता ते मला बरोबर कळलं.

मशीनचं नाव ठेवलं सागरसखी. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी काही विचारलं की ही बया अर्ध्या मिनिटात उत्तर द्यायची. कुस्तोदियोचा तर आनंद गगनात मावेना. गावातल्या दुकानावर जाऊन, नवी म्हैस घेतल्यासारखा, तो सगळ्यांना सांगत सुटला. माझे वाचलेले दोन तास तो स्वतः मोबाईलकडे बघण्यात घालवायचा. ते वेळ खाणारं काम धरायचं नसतं, कारण ते उद्योजक करतो.

आणि मला आराम मिळाला. फोन वाजेना. आपल्याच घरात पाहुणी झाल्यासारखं वाटायला लागलं. हा फोन गेला तर या धंद्यात माझं म्हणून उरतं काय? मासे साफ करणं. खोटं कशाला सांगू, एकदोनदा मागच्या दारी जाऊन रडलेसुद्धा.

नोव्हेंबरच्या शेवटी एका दुपारी मी कोळंबी सोलत बसले होते आणि कुस्तोदियो धावतच स्वयंपाकघरात आला.

“बघ गो! पाच स्टार गावले! मसुरकरबायनी दिल्यानी!”

मसुरकरबाई म्हणजे मुलुंडच्या निवृत्त शिक्षिका. जवळच्या मसुऱ्यातलं त्यांचं घर भाऊबंदकीत बंद पडलंय, म्हणून दर डिसेंबरला नवराबायको आमच्याकडे उतरतात. सुरूच्या झाडांकडची वरची खोली त्यांची. मसुरकरांना सकाळी पेज आणि भाजलेला सुका बांगडा लागतो. मी हात न धुताच मोबाईल घेतला आणि त्या पाच स्टारांच्या वर काय लिहिलंय ते वाचलं.

बाईंनी मला लिहिलं होतं, ‘फ्रान्सिस्का, जूनमध्ये आमच्या ह्यांचं निधन झालं. यावं की नाही कळत नाही. त्या खोलीत एकटीला राहवेल का गं?’

खाली सागरसखीचं उत्तर. ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. दोन व्यक्तींचे बुकिंग रद्द केले आहे. एका व्यक्तीसाठी आमच्याकडे आकर्षक पॅकेज आहे! आमची सेवा कशी वाटली?’ दुसऱ्या दिवशी पुन्हा, कशी वाटली? तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी बाईंनी पाच स्टार दिले होते. बाकी एक शब्द नाही.

“ह्या वाचलंस?” मी विचारलं.

“स्टार बघलंय,” तो म्हणाला. मग त्याने वाचलं आणि पाट ओढून बसला. दर डिसेंबरला मसुरकरांना गरी घेऊन मासे पकडायला खडकावर बसवणारा हाच होता. “माका ठावकच नाय गो,” एवढंच तो म्हणाला. त्याला मशीनने कळवलं नव्हतं. कमी बोलावे, ही सूचना तिने तंतोतंत पाळली होती.

“फोन लाव,” मी म्हणाले. “तूच लाव. उद्योजक तू.”

त्याने लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडून हॅलो आलं. “बाई... मी कुस्तोद...” करून त्याने फोन माझ्या पुढ्यात सरकवला.

“बाई, मी फ्रान्सिस्का.”

बाई म्हणाल्या, “तूच मां गो? माका वाटला, तुमी घर इकलात.”

आम्ही दोघी रडलो. मग बोललो. मसुरकर कसे गेले, शेवटी काय खाल्लं, पोरं कधी पोचली. चाळीस मिनिटं झाली असतील. यायचंही ठरलं. वरची खोली नको, माझ्या शेजारची खालची घ्या, असं मी सांगितलं. मध्येच कुस्तोदियोने हळूच विचारलं, “मशीन बंद करू?”

“बंद नको,” मी फोनवर हात ठेवून म्हणाले. “पर्यटन खात्याचे इंग्लिश फॉर्म भरूक लाव तेका. माणसां माझ्याकडे ठेव.”

तेवढ्यात मला आठवलं. “पण बाई, असा उत्तर इला, आनी पाच स्टार कित्याक दिलात?”

“अगो, तीनदा इचारल्यान त्या चेडवान,” बाई म्हणाल्या. “माका वाटला, नव्या मालकान तुझ्या जागेर कोण पोरगी ठेवल्यान. स्टार नाय दिले तर बिचाऱ्याची नोकरी जायत.”

मी कुस्तोदियोकडे बघितलं. तो खाली मान घालून माझी कोळंबी सोलत होता.