अमेरिकन शाळा बघण्याचा कार्यक्रम

धारच्या मराठी घरांत लग्न ठरवायचं झालं की आधी उदाजीरावांना विचारत, मग मुहूर्त. त्यांनी पसंत केलेलं एकही स्थळ आजवर मोडलं नव्हतं. मोडायची कुणाची छातीच नव्हती. त्यामुळे देवासहून सुनेचा, कल्पनाचा फोन आला तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही.

"मामंजी, किमयाला अमेरिकन शाळेत घालावं म्हणतो. भोपाळ रोडवर नवीन निघालीये. फोटो तर भारी आहेत, पण शिक्षण कसं आहे ते काही कळत नाही. तुम्ही हो म्हणालात तरच हो."

"खानदान कुठलं?"

"अमेरिकेचं."

"लांब पडेल," उदाजीराव म्हणाले. "तरी बघून घेऊ."

शनिवारी ते गुलाबी फेटा बांधून, पिशवीत नारळ घेऊन देवासला हजर झाले. मुलाची कारखान्यात ड्यूटी होती, म्हणून गाडी कल्पनाने घेतली. मागे दुसरीतली नात, किमया.

"शाळा काय नि सोयरीक काय, परीक्षा एकच," उदाजीराव वाटेत म्हणाले. "इमारतीला भुलायचं नाही. सुना टिकतात का, तेवढं विचारायचं."

"शाळेत सुना कुठे असतात, आबासाहेब?" किमयाने विचारलं.

"टीचर म्हणजे सुनाच की! परक्या घरून येतात, सगळ्यांचं करतात. त्याच पळून जात असल्या तर त्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये."

प्रिन्सिपल वैभवी मॅडम हसतमुख बाई. माहेर धारचंच, पण मराठी बोलताना हिंदीचा हात धरून चालायच्या. त्यांनी चॉकलेटचा केक पुढे केला. पोहे नाहीत, हे उदाजीरावांनी मनात नोंदवलं.

"जरा वाचून दाखवा," ते म्हणाले.

मॅडमनी माहितीपत्रक काढून घडाघडा वाचलं. उच्चार स्वच्छ होते.

"आता चालून दाखवा."

"कॅम्पस टूर? चलिए ना!" म्हणत मॅडम खुशीने पुढे चालू लागल्या. उदाजीराव मागून बघत राहिले. चाल चांगली होती.

लायब्ररीत पुस्तकं काचेच्या कपाटात, कुलपात होती. "भांडी फार नवी दिसतात," ते सुनेच्या कानात म्हणाले. "चूल पेटत नसावी." पलीकडच्या वर्गात मुलं फावड्याने कापूस उपसत होती. बर्फ पडल्यावर काय करायचं त्याची तालीम चालली होती. पंखा लावला की बर्फ उडायचा, म्हणून पंखा बंद होता आणि अमेरिका घामाने निथळत होती.

"पण देवासला बर्फ पडतो कधी?" कल्पनाने विचारलं.

"करिक्युलममध्ये आहे ना, मॅम!"

ऑफिसात परतल्यावर उदाजीराव खुर्चीत रेलले. आता तो मुख्य प्रश्न. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मॅडमच रेलल्या. "आता आम्ही बेबीला बघतो हं. बेटा, थोडं चालून दाखव. वाचून दाखव. पप्पा काय करतात? घरी इंग्लिश बोलतात ना?"

उदाजीराव चमकले. पोर आपली जाणार त्यांच्या घरी. वर देणंघेणंही आपणच करायचं. कपडे ते म्हणतील तिथूनच घ्यायचे, आणि दर मीटिंगला टोमणे ऐकायला हात जोडून यायचं. म्हणजे इथे आपण मुलीकडचे!

या बाजूला ते जन्मात बसले नव्हते. पण मुलींचे बाप कसे बसतात ते त्यांनी पुष्कळ पाहिलं होतं. ते खुर्चीच्या कडेवर आले, पाय मागे ओढले, हात जोडले. "पोर साधी आहे आमची. सांभाळून घ्या."

"मामंजी, शिक्षणाचं विचारा ना!" कल्पना पुटपुटली.

"मुलीकडच्यांनी विचारायचं नसतं."

"तुला काही विचारायचंय, बेटा?" मॅडमनी किमयाला लाडाने विचारलं.

"मॅम, आपके यहाँ सुना टिकती हैं क्या?" किमया म्हणाली. "मतलब टीचर. आबासाहेब गाडीत सांगत होते."

मॅडमच्या तोंडून एकदम स्वच्छ धारचं मराठी निघालं. "अगं, मीच सोमवारी आलेय!" मग त्यांनी हसू परत लावलं. "बरं, ॲडमिशनचं आम्ही कळवतो हं."

कळवतो! हाच शब्द देऊन उदाजीरावांनी कितीतरी बापांना जिना उतरायला लावला होता. आता नकार धारपर्यंत पोचणार, जन्मभराचं नाव जाणार. आणि होकार आलाच, तर पोर कापूस उपसत बसणार. त्यांनी किमयाकडे पाहिलं. फेटा सारखा केला आणि उठून उभे राहिले.

"कळवायची तसदी नको. पत्रिका जुळत नाही."

"शाळेची पत्रिका?"

"शाळेला कडक मंगळ आहे. सुना टिकत नाहीत."

कल्पनाने सुटकेचा श्वास टाकला आणि किमयाचा हात धरून गाडीकडे निघाली. उदाजीराव दारात थबकले. पसंतीसाठी आणलेला नारळ परत नेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. तो त्यांनी मॅडमच्या हातात दिला.

"तुम्ही आमच्या गावच्या. हुशार आहात, चालही चांगली आहे. तुमच्यासाठी बघू का एखादी शाळा?"

वैभवी मॅडमनी मागे वळून कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं, आणि नारळ पदराआड घेतला.

"इंदूरकडची बघा, आबासाहेब," त्या हळूच म्हणाल्या. "आणि बर्फ नको."